उदबत्ती, पंखा आणि ४६ मिनिटं

ऑपरेशन थिएटर बंद कसं करतात ते मी मार्च २०२० मध्ये पाहिलं होतं. एसी बंद, दिवे बंद, दाराला कुलूप. तेव्हा उघडायचं म्हणजे कुलूप, दिवे, एसी असं उलटीकडून येत जायचं, एवढीच माझी कल्पना. माझा धंदा छपाईचा. मशीन महिनाभर पडून राहिलं तरी रोलर पुसायचे, तेल सोडायचं, दोन-चार कागद वाया घालवायचे, की गाडी रुळावर. हे मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आमच्याकडे वाया घालवायला कागद नसतात."

वहिनी सर्जन, दादा भूलतज्ज्ञ. मिरजेत त्यांचं मोजक्या खाटांचं हॉस्पिटल आहे. मिरजेत हे सांगणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याचं दुकान आहे म्हणण्यासारखं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून अथणी, जमखंडी, जत, पंढरपूर कुठूनही माणूस आजारी पडला की मिरजेची गाडी धरतो. ते सगळं एकदम थांबलं. २३ मार्चला इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेले चौघे बाधित निघाले, सांगली जिल्ह्याचं नाव देशभर झालं आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवलं गेलं. म्हैसाळच्या पुढं कागवाडच्या हद्दीवर नाका बसला. कर्नाटकातला पेशंट पलीकडे, डॉक्टर अलीकडे. वहिनींनी ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकलली, तातडीचे रुग्ण मोठ्या हॉस्पिटलांकडे पाठवले. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी तेव्हा अंदाज बांधला होता की १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, त्यात भारतातल्या ५ लाख ८० हजारांवर. वहिनींच्या वाट्याला आलेल्या एका लाल वहीत होत्या. जूनमध्ये सरकारनं 'मिशन बिगीन अगेन' म्हटलं आणि ती वही टेबलावर आली. माझ्याकडे लग्नपत्रिकांचे न छापलेले गठ्ठे पडून होते. "तुमचा प्रेस बंदच आहे, संमतीपत्रकं छापायची आहेत, या जरा," असा निरोप आला. मी कागदाचे नमुने घेऊन गेलो, आणि सिस्टरनी माझ्या हातात फडकं दिलं.

कुलूप उघडल्यावर पहिला धडा असा की बंद खोलीत वस्तू नुसत्या बसून राहत नाहीत, त्या हळूहळू निकामी होतात. टाके घालायच्या दोऱ्याच्या पाकिटांवर मुदत असते आणि ती टाळेबंदीत थांबत नाही. भुलीच्या मशीनमध्ये रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम नावाचा खडा असतो, तो कोरडा पडला की टाकून द्यायचा. टाकीतलं साचलेलं पाणी काढून नळ बराच वेळ वाहू द्यायचे, कारण नळ्यांत जंतू घर करतात. एसीच्या जाळीवर करड्या मखमलीसारखं काहीतरी उगवलं होतं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवजारं वाफेनं निर्जंतुक करणारा मोठा कुकर, त्याचं रबर कडक झालं होतं. तो १२१ अंशांवर १५ पौंडांच्या दाबानं चालतो. काटा तिथपर्यंत गेला, मला वाटलं काम झालं. सिस्टरनी आतली कागदी पट्टी काढून रंग बदलला का ते पाहिलं आणि शिवाय जिवंत जिवाणूंची एक बारकी कुपी तपासायला ठेवली. वाफेतून गेल्यावर ते जिवाणू वाढले नाहीत, तरच कुकर पास. काटा खोटं बोलू शकतो, मेलेला जिवाणू बोलत नाही, असं मी विनोदानं म्हणालो. सिस्टरनी मला हायपोक्लोराइट ढवळायला पाठवलं.

त्याचंही गणित असतं. कॅनमधलं द्रावण ५ टक्क्यांचं, फरशीला हवं १ टक्क्याचं, म्हणून एक भाग औषधाला चार भाग पाणी. मी पाच भाग ओतलं, कारण पाचाचा एक करायचा तर पाचानं पातळ करायचं असं डोक्यात बसलेलं. शिवाय ते रोज ताजं करायचं, पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, धातूच्या अवजारांना लावायचं नाही कारण गंज चढतो, आणि संडासच्या ॲसिडच्या बाटलीजवळ तर न्यायचंच नाही, क्लोरीन वायू सुटतो. या शेवटच्या सूचनेपर्यंत मी ती बाटली शेजारच्याच बादलीत ठेवली होती.

मग हवा. खरा घोळ इथं झाला.

दादानं विचारलं, "ओटीत तासाला किती एअर चेंजेस होतात, बघशील का?" ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि एअर चेंजेस म्हणजे तिथली हवा तासाभरात किती वेळा बदलते. मी म्हटलं, एसी आहे की, सारखीच बदलत असणार. तेव्हा कळलं की भिंतीवरचा स्प्लिट एसी हवा बदलतच नाही. तीच हवा ओढतो, गार करतो, तीच परत सोडतो. बाहेरचा डबा उष्णता बाहेर टाकतो, हवा नाही. ऑपरेशन थिएटरसाठीच्या नियमांत तासाला २० बदल लिहिलेले असतात. आमच्या जुन्या खोलीत दार उघडलं की होईल तेवढाच. इतकी वर्षं त्यानं भागलं, कारण जखमेत जंतू जाऊ नयेत एवढीच चिंता होती आणि ती हातमोजे, वाफ, स्वच्छता यांनी बरीच मिटायची. आता रुग्णाच्या श्वासातून येणारं संकट हवेत तरंगत होतं, आणि भूल देताना घशात नळी घालायची वेळ सगळ्यांत वाईट. त्या क्षणी दादाचं तोंड रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतं. आठवतं, मला तोपर्यंत भूलतज्ज्ञाचं काम म्हणजे इंजेक्शन देऊन पेपर वाचणं वाटायचं.

मी टेप घेतली. खोली २० फूट बाय १६ फूट, उंची १०. म्हणजे ३,२०० घनफूट. दादा म्हणाला, २० जमणार नाहीत, निदान १२ बदल तरी करू. मग तासाला ३८,४०० घनफूट, मिनिटाला ६४० घनफूट हवा हलली पाहिजे. हिशेब बरोबर आल्याच्या आनंदात मी पंख्याच्या दुकानात फोन केला. दुकानदार तासाला अमुक घनमीटर असं वाचून दाखवू लागला. मिनिटाचे तास आणि फुटाचे मीटर करता करता मी फोन ठेवला आणि भाचीला लावला. ती तेव्हा नववीत होती. तिनं सांगितलं, तासाला सुमारे १,०९०.

पंखा आला. कुपवाड एमआयडीसीतला एक ओळखीचा वायरमन तो बसवायला आला, भिंतीला भोक पाडण्याआधी खोलीभर फिरला आणि म्हणाला, "साहेब, हा हवा भाईर टाकणार. आत कुठनं येणार?" मी दाराकडे बोट दाखवलं. "दार तर बंद ठिवणार न्हवं? मग फटीतनं वडणार. फटीच्या पल्याड काय हाय?" फटीच्या पलीकडे धुण्याची मोरी होती. म्हणजे मी हजारो रुपये खर्चून मोरीची हवा ऑपरेशन टेबलावर आणणार होतो.

वहिनींनी मग समजावलं की हा पेच मोठमोठ्या हॉस्पिटलांपुढंही आहे. थिएटर नेहमी पॉझिटिव्ह प्रेशरचं बांधतात. आत हवेचा दाब किंचित जास्त, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर ढकलली जाते आणि व्हरांड्यातली धूळ आत येत नाही. बाधित रुग्णासाठी नेमकं उलटं बरं, हवा आत ओढणारी खोली, नाहीतर आतलं सगळं व्हरांड्यातल्या मावशींच्या अंगावर. रुग्ण निगेटिव्ह तर दाब पॉझिटिव्ह, रुग्ण पॉझिटिव्ह तर दाब निगेटिव्ह. हे मी हातावर पेनानं लिहून घेतलं. आम्ही शेवटी वरच्या बाजूला बारीक गाळणीतून बाहेरची हवा आत सोडणारा पंखा आणि खाली, टेबलाच्या पायथ्याकडे, हवा बाहेर काढणारा असे दोन बसवले. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली, म्हणजे दाब आतून बाहेर. बाधित रुग्ण आपण घ्यायचाच नाही, तो कोविड रुग्णालयात, असं ठरलं. लहान हॉस्पिटलानं आपली पायरी ओळखावी, हे वहिनींचं मत मला शूरपणाच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त पटलं.

हवा खरंच कुठल्या दिशेनं वाहते हे बघायला वायरमननं खिशातून उदबत्ती काढली. दाराच्या फटीशी धरायची. धूर बाहेर वाकला तर ठीक. मी गुडघ्यावर बसून फटीशी उदबत्ती धरली, एवढ्यात मावशी आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून मागं उभ्या राहिल्या. "नारळ आणायचा का वो?"

वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी चेस्ट सॅनेटोरियम होतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. एसटीनं सांगलीला जाताना आजी तिकडं बघून पदर तोंडाला लावायची. क्षयाला औषध नव्हतं तेव्हा सॅनेटोरियममध्ये रुग्णाला मोकळ्या हवेत ठेवायचे, ऐसपैस जागेत. हवेतून पसरणाऱ्या रोगाशी कसं राहायचं हे मिरजेला कधीकाळी ठाऊक होतं. मग एसी आले, आम्ही खिडक्या विटांनी बुजवल्या. आमच्या ओटीतली अशी एक बुजवलेली खिडकी वायरमनच्या हातोड्याला लागली. वरच्या पंख्याला तीच जागा कामी आली.

आता वेळ. घशात नळी घातल्यावर हवा स्वच्छ व्हायला किती थांबायचं? मी पाटीच लिहायला घेतली होती: तासाला ६ बदल असतील तर ६० भागिले ६, दहा मिनिटं. दादा हसला नाही, तेवढा त्याचा मोठेपणा. नवी हवा जुनीला रांगेत बाहेर काढत नाही, तिच्यात मिसळते. एका बदलानंतरही जुन्यातलं जवळजवळ ३७ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर त्याचे ३७ टक्के, असं करत ९९ टक्के जायला ६ बदलांच्या खोलीत ४६ मिनिटं लागतात. १२ बदल केले तर २३. म्हणजे ६ बदलांच्या खोलीपेक्षा ते दोन पंखे दर रुग्णामागे २३ मिनिटं वाचवत होते. मी पाटी नव्यानं लिहिली आणि ती आधीच छापली नव्हती याबद्दल गणपतीचे आभार मानले.

पीपीई किट घालणं सोपं, काढणं अवघड, असं सगळे सांगत होते. मला वाटलं उगाच भाव खातात. माझं काम फक्त काढण्याचा क्रम मोठ्यानं वाचून दाखवायचं, पण सिस्टरचा आग्रह की वाचणाऱ्यानं एकदा घालून बघावं. त्यांनी माझ्या हातमोज्यांना गुलाल फासला. वरचे मोजे काढा, हात सॅनिटाइझ करा, चेन उघडा, टोपीपासून अंगरखा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली न्या, पुन्हा हात, मग गॉगल मागून, पुन्हा हात, आणि मास्क सगळ्यांत शेवटी, खोलीच्या बाहेर. आत भट्टी. गॉगलवर वाफ धरल्यानं भिंत आणि सिस्टर यांत फरक कळेना. सगळं नीट केलं असं मला वाटलं. आरशात पाहिलं तर कानाच्या पाळीवर, मानेवर आणि चष्म्याच्या काडीवर गुलाल. "तुम्हाला तीन ठिकाणी झाला," सिस्टर म्हणाल्या. शिवाय माझी दाढी. एन-९५ मास्क कडेनं घट्ट बसला तरच उपयोगाचा. दाढीतून हवा खुशाल ये-जा करते. आणि माझ्या मास्कला पुढं झडप होती, मी ती भारीतली म्हणून मुद्दाम आणली होती. त्या झडपेतून माझा उच्छ्वास न गाळता समोरच्याच्या तोंडावर जातो. दाढी त्याच रात्री गेली.

लाल वही उघडली तेव्हा वाटलं, हे आपलं काम. यादी लावणं मला जमतं. ज्यानं आधी नाव दिलं तो आधी, मी तारखेप्रमाणे मांडून दिली. वहिनींनी ती बाजूला ठेवली आणि शिकागोच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये काढलेली एक गुणपत्रिका दिली. त्यात २१ मुद्दे: ऑपरेशनला किती वेळ लागेल, रक्त किती जाईल, नळी घालावी लागेल का, आयसीयू लागेल का, दोन आठवडे थांबलं तर काय बिघडेल, रुग्णाचं वय, मधुमेह, दमा. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी २१, जास्तीत जास्त १०५. मी फोनवर माहिती घेत रात्री उशिरापर्यंत बेरजा केल्या आणि सर्वांत जास्त गुण मिळवणारा म्हातारा गृहस्थ पहिल्या नंबरावर घातला. वहिनी म्हणाल्या, "यात जास्त गुण म्हणजे थांबा." मी यादी उलटी केली.

उलटी केल्यावर मला ती आवडेना. स्तनातली गाठ वर आली, वारंवार अडकणारा हर्निया वर आला, पित्ताशयाच्या खड्यांनी लोळणारी बाई वर आली, हे ठीक. हायड्रोसिल खाली, हेही ठीक. पण वय आणि मधुमेह यांचे गुण असे चढतात की म्हातारा माणूस, ज्याला त्रास जास्त, तो आणखी मागं जातो. मी तक्रार केली. वहिनींनी 'लॅन्सेट'मधला मे महिन्याचा अहवाल वाचून दाखवला: ऑपरेशनच्या सुमारास कोरोना झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी ३० दिवसांत जवळजवळ २४ टक्के दगावले, निम्म्यांच्या फुप्फुसांना त्रास झाला. "त्यांना मागं ठेवतेय ते नको म्हणून नाही, भाऊजी." तरी एका आजोबांना त्यांनी गुणपत्रिकेबाहेर जाऊन वर घेतलं. त्यांचा हर्निया दोनदा अडकून सुटला होता. तिसऱ्यांदा अडकला तर आतडं काळं पडतं, मग गुण कुणाला मोजायचे? कागद डॉक्टरला मदत करतो, डॉक्टरच्या जागी बसत नाही, हे मला तेव्हा दिसलं. आणि कागद हाच माझा धंदा.

ऑपरेशनआधी स्वॅब. आरटी-पीसीआरचा सुरुवातीचा ४,५०० चा दर सरकारनं जूनमध्ये २,२०० वर आणला होता, तरी ऊसतोडीच्या घरात ही रक्कम मोठीच. आजोबांचा अहवाल निगेटिव्ह आला. मी मास्क हनुवटीवर घेऊन अभिनंदन करायला पुढं झालो आणि सिस्टरच्या डोळ्यांनी मला जागेवर उभं केलं. घशातला स्वॅब चुकीच्या दिवशी घेतला, नीट घेतला नाही, तर दहा बाधितांतले दोन-तीन सहज सुटतात. म्हणून अहवाल काहीही असो, आत वागायचं ते रुग्ण बाधित असल्यासारखंच. मग चाचणी कशाला? पॉझिटिव्ह आला तर थांबता येतं म्हणून. आणि तातडीचं असेल तर चाचणीसाठी अडवायचं नाही, असं आयसीएमआरचंच सांगणं होतं.

माझ्या संमतीपत्रकाची पाळी आली. मी ते सुबक छापलं होतं, १४ पॉइंट, वर नक्षीची चौकट. चौकट लग्नपत्रिकेची होती, पण दिसायला बरी. त्यात एक वाक्य: सर्व काळजी घेऊनही रुग्णालयात कोरोनाची बाधा होऊ शकते, हे मला समजावून सांगितले आहे. आजोबांनी नातवाकडून ते वाचून घेतलं, सही केली, आणि विचारलं, "आता सही केली म्हंजे हुनार न्हाई न्हवं?" वहिनी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या. छापलेला कागद घडी होऊन आजोबांच्या खिशात गेला.

आजोबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर फोनवरचं घड्याळ घेऊन उभा. २३ मिनिटं कुणालाही आत सोडायचं नाही, अगदी दादालाही नाही, अशी तयारी. बराच वेळ झाला, घड्याळ चालू करायची खूण येईना. मी काचेतून खाणाखुणा केल्या. दादानं बाहेर येऊन सांगितलं की आजोबांना कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलंय, नळी घातलीच नाही. जिथं जमेल तिथं असंच करायचं, म्हणजे हवेचा प्रश्नच कमी. आत आजोबा जागे होते आणि सिस्टरला पावसाचं विचारत होते.

पित्ताशयाच्या बाईंच्या वेळी मात्र घड्याळ लागलं. नळी घालताना आत फक्त दादा आणि एक मदतनीस. वहिनी, सिस्टर सगळे बाहेर, धुतलेले हात छातीपुढं धरून. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. तो वायू शेवटी तसाच खोलीत सोडून द्यायचा नाही, गाळणीच्या नळीतून काढायचा, आणि मुळात दाब कमीच ठेवायचा, अशी तेव्हाची शिफारस. त्या २३ मिनिटांत कुणी बोललं नाही. मी तेवढ्यात एकदा "झाली का?" असं स्वतःच्याच घड्याळाला विचारलं.

हे सगळं जमत आलं आणि ऑगस्टमध्ये जिल्ह्यात साथ भडकली. खाटा कोरोनाला, ऑक्सिजन कोरोनाला, थिएटरला पुन्हा कुलूप. उघडणं एकदाच करायचं असतं असं मला वाटलं होतं. दिवाळीच्या आसपास पुन्हा सोडा लाइम, पुन्हा नळ, पुन्हा उदबत्ती. या खेपेला मावशींनी ती स्वतः धरली आणि धूर कुठं वाकतो ते मला दाखवलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर तिसऱ्यांदा.

तोवर प्रश्न बदलला होता. आता येणाऱ्यांतल्या अनेकांना कोरोना होऊन गेलेला. त्यांना किती थांबवायचं? ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर रुग्णांचा अभ्यास मार्च २०२१ मध्ये आला होता. संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास, सहा आठवड्यांपर्यंतही ३.६, आणि सात आठवडे उलटले की दीड टक्का, म्हणजे कोरोना न झालेल्यांइतकंच. दम लागणं सुरूच असेल तर आणखी थांबायचं. हे आठवडे मोजायचं काम माझ्याकडे आलं, प्रेसचं मोठं कॅलेंडर घेऊन.

कागवाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. हर्निया, कारखाना सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं. ताप कधी आला होता, विचारलं. म्हणाला, कणकण तशी आधीच होती, रिपोर्ट नंतर आला, कुठनं धरायचं? मला माहीत नव्हतं; वहिनींनी रिपोर्टच्या तारखेपासून धरायला सांगितलं. मी बोट फिरवत सात आठवडे मोजले, वार बघितला, तारीख दिली. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "त्या दिवशी अमावस्या हाय की वो." शिकागोच्या २१ मुद्द्यांत अमावस्येला गुण नव्हते. मी वहिनींकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली, आणि मी सात आठवडे अधिक एक दिवस असं वहीत लिहिलं.